कार्टमधल्या चार वस्तू आणि एक जुना पीसी: अपग्रेडआधीच्या तपासणीची पूर्ण केस

केस माझ्या मावसभावाची आहे. तो शिकवण्याचे व्हिडिओ बनवतो, शूटही स्वतः आणि एडिटही स्वतः. नवीन कॅमेरा घेतल्यापासून त्याचा पीसी पार बसला होता, टाइमलाइनवर क्लिप टाकली की आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागे अडकून बसायचं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ते अपग्रेड करा अपग्रेड करा असं नोटिफिकेशन वेगळंच. मग एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवून त्याने ऑनलाइन कार्टमध्ये चार वस्तू टाकल्या आणि मला स्क्रीनशॉट पाठवला, "दादा, एकदा नजर टाक, उद्या ऑर्डर करतोय."

कार्टमध्ये काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. सेकंडहँड कोअर आय७-८७०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एक डीडीआर४ ३२०० रॅम स्टिक, आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी, फास्टवाली). यादी बघून कोणीही म्हणेल की पोराने अभ्यास केलाय, आणि खरंच केला होता. त्याचा आत्ताचा प्रोसेसर आय५-७४००, सातव्या जनरेशनचा, सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५१. आय७-८७०० चं सॉकेटही एलजीए ११५१. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो (सातव्यातले मोजके अपवाद सोडले तर), म्हणजे प्रोसेसर बदलला की विंडोज ११ चा प्रश्न मिटला, ग्राफिक्स कार्ड टाकलं की व्हिडिओचा मिटला, रॅम आणि एसएसडी तर हवीच. विकणाऱ्याला विचारलं तर तो पण म्हणाला, सॉकेट सेम आहे ना, मग बसेल.

बसेल हे खरंच आहे. बसतो तो. फक्त चालू होत नाही.

११५१ हा आकडा म्हणजे नुसती पिनांची संख्या. इंटेलने आठव्या जनरेशनला पिना तेवढ्याच ठेवल्या पण त्यातल्या काही पिनांचं काम बदललं, जास्त कोअरना जास्त पॉवर द्यायची म्हणून, आणि आठवी जनरेशन फक्त ३०० सिरीजच्या चिपसेटवर (मदरबोर्डवरची मुख्य चिप) चालेल असं ठरवून टाकलं. १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर सहावी आणि सातवी जनरेशन, ३०० सिरीजवर आठवी आणि नववी. उलटंसुलटं चालत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, खाटखूट करून चालवणारे हौशी लोक आहेत जगात, पण ज्याला त्या मशीनवर काम करून द्यायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्याचा बोर्ड कुठला हे त्याला माहीतच नव्हतं, कारण पीसी असेंबल केलेला नव्हता, ब्रँडेड ऑफिसवाला छोटा डबा होता, सेकंडहँड घेतलेला. सीपीयू-झेड नावाचं फुकट टूल आहे, त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये चिपसेट दिसतो. तिथे निघाला एच११०, १०० सिरीजचा. म्हणजे कार्टमधली पहिली वस्तू कटाप.

पहिलीच वस्तू उडाली म्हटल्यावर मी त्याला म्हणालो, थांब, बाकीच्या तिन्ही पण बघू, आणि डबा उघडून आतला फोटो पाठव.

एनव्हीएमई एसएसडीचा किस्सा मला सगळ्यात आवडतो कारण तिथे डोळे फसतात. फोटोत बोर्डवर एम डॉट २ चा स्लॉट दिसत होता, रिकामा, छान. भाऊ खूश. पण एम डॉट २ हा नुसता आकार आहे, स्लॉटच्या खाचेवरून ठरतं की तिथे काय लागणार. एनव्हीएमई एसएसडीला एम की लागते, वायफायच्या कार्डला ए किंवा ई की. हा स्लॉट आखूड होता, स्क्रू लावायचं भोक अगदी जवळ, २२८० लिहिलेली एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, ती तिथे आडवी पडली असती तर रॅमवर चढली असती. बोर्डवर बारीक अक्षरात डब्ल्यूलॅन छापलेलं होतं, फोटो झूम केल्यावर दिसलं. म्हणजे वायफायचा स्लॉट. एसएसडीसाठी उरलं ते साटा पोर्ट, आणि त्याला अडीच इंचाची साटा एसएसडी लागते. ती एनव्हीएमईपेक्षा स्लो असते हे खरं, साटाची हद्द साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास, पण जो माणूस हार्ड डिस्कवरून येतोय त्याला तोसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

रॅमचं सोपं होतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी, खाली लिहिलेलं असतं किती स्लॉट वापरात आहेत. त्याच्याकडे दोनपैकी दोन, प्रत्येकी ४ जीबी. म्हणजे १६ ची स्टिक घेतली तर एक ४ ची काढावी लागणार आणि २० जीबी होणार. त्याच्या डोक्यात २४ होते. आणि ३२०० लिहिलेली रॅम चालली असती पण २४०० वरच, कारण त्या प्रोसेसरची हद्दच २४०० आहे. नुकसान काही नाही, फक्त आकडा बघून हुरळून जाऊ नये एवढंच.

आता ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ४०६० चं पॉवर रेटिंग ११५ वॅट, आणि एन्व्हिडियाची शिफारस ५५० वॅटच्या पॉवर सप्लायची. डब्यातल्या पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाचलं, १८० वॅट. शिवाय कार्डला लागणारी ८ पिनची वायरच नाही त्यातून आलेली. बरं, पॉवर सप्लाय बदलू म्हणावं तर असल्या ब्रँडेड छोट्या डब्यांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, कनेक्टरसुद्धा वेगळे, बाजारातला नेहमीच्या मापाचा एटीएक्स आत मावत नाही आणि मावला तरी बोर्डला लागत नाही. आणि डबा अर्ध्या उंचीचा, मागच्या पट्ट्या अर्ध्या, नेहमीचं कार्ड उभं राहणारच नाही त्यात. लो प्रोफाइल कार्डच लागणार.

म्हणजे चार वस्तूंपैकी दोन चालणारच नव्हत्या, एकाला जागाच नव्हती, आणि चौथी अर्धीमुर्धी उपयोगाची. प्रत्येक वस्तूच्या पेजवर जाऊन वाचलं तर प्रत्येक वस्तू चांगलीच होती, रिव्ह्यू पण मस्त.

मग विंडोज ११ चं काय

हे आम्ही वेगळं काढून तपासलं. मायक्रोसॉफ्टची यादी छोटी आहे: १ गिगाहर्ट्झ आणि दोन कोअरवाला ६४ बिट प्रोसेसर पण तो त्यांच्या मान्य यादीतला हवा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारं सेटिंग), टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग), डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. पीसी हेल्थ चेक नावाचं त्यांचंच ॲप आहे, ते चालवलं तर लाल लाल दोन-तीन ओळी आल्या. टीपीएम नाही, सिक्युअर बूट नाही, प्रोसेसर चालत नाही.

यातल्या दोन ओळी खोट्या नव्हत्या पण पूर्ण खऱ्याही नव्हत्या, आणि बरेच लोक इथेच हाय खाऊन नवीन मशीन घ्यायला पळतात. टीपीएम त्या प्रोसेसरमध्ये होतं, इंटेल त्याला पीटीटी म्हणतं, बायॉसमध्ये बंद ठेवलेलं होतं. चालू केलं, मग विंडोज की आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाकलं तर खाली उजवीकडे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं. सिक्युअर बूटचं असं की विंडोज जुन्या लेगसी मोडमध्ये इन्स्टॉल होतं, डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करून देतं, मग बायॉसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू करता येतं. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि आधी नुसतं व्हॅलिडेट चालवून बघावं, ते फक्त तपासतं, काही बदलत नाही.

तिसरी ओळ मात्र पक्की. आय५-७४०० यादीत नाही, काही केलं तरी नाही. चेक बायपास करून विंडोज ११ टाकता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मायक्रोसॉफ्ट सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याने असल्या उसन्या भरवशावर राहू नये. टीपीएम चालू करण्याचा फायदा एवढाच झाला की आता नक्की काय आडवं येतंय ते एकाच ओळीत कळलं.

आणि ती ४ जीबी रॅमची ओळ. भाऊ म्हणत होता, "चारच लागते, माझ्याकडे आठ आहे, म्हणजे डबल." मिनिमम म्हणजे इन्स्टॉल होईल आणि डेस्कटॉप दिसेल, बस. त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, त्यांच्याच पानावर १६ जीबी लिहिलंय, आणि त्यातलं इफेक्टचं फ्यूजन वापरायचं असेल तर ३२. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशोबाने तो डबलवर होता आणि सॉफ्टवेअरच्या हिशोबाने निम्म्यावर. दोन वेगळ्या याद्या, आणि मोठी असेल ती पाळायची.

खरं दुखणं कुठे होतं

इथपर्यंत आम्ही फक्त काय चालणार नाही ते बघत होतो. काय हवंय ते अजून कोणी विचारलंच नव्हतं. ग्राफिक्स कार्ड घेतलं की व्हिडिओ पळेल हे गृहीत धरलेलं, का तर सगळे म्हणतात.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली. मशीन बाजूला ठेवलं, आणि ज्या फाइलने मशीन अडकतं ती फाइल हातात घेतली. मीडियाइन्फो नावाचं छोटं टूल आहे, फाइल त्यात टाकली की तिची जन्मपत्रिका निघते. त्याच्या मोबाइलने काढलेल्या जुन्या क्लिपमध्ये दिसलं: फॉरमॅट एव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, म्हणजे कोडेक; दुसरं नाव एच२६४), बिट डेप्थ ८, क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:०. नवीन कॅमेऱ्याच्या क्लिपमध्ये: फॉरमॅट एचईव्हीसी (त्यापुढचा कोडेक, एच२६५), बिट डेप्थ १०, क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:२. दोन्ही ४के, दोन्हीचं एक्स्टेन्शन पण एकच.

थोडं समजावतो, कारण सगळी मेख इथे आहे. ८ बिट म्हणजे एका रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १०२४. ४:२:० मध्ये रंगाची माहिती चित्राच्या पाव रिझॉल्यूशनला साठवतात, ४:२:२ मध्ये अर्ध्या. म्हणजे ग्रेडिंग (व्हिडिओचे रंग सुधारणं) करताना रंग ओढायला जास्त माल मिळतो, म्हणून कॅमेरावाले तो मोड देतात आणि यूट्यूबवरचे गुरू तोच लावा म्हणून सांगतात. पण असली फाइल उलगडायला, म्हणजे डिकोड करायला, चिपमध्ये त्यासाठीचं खास सर्किट असावं लागतं. नसेल तर सगळं ओझं सीपीयूच्या कोअरवर.

भावाच्या मशीनवर हे डोळ्याने बघता आलं. व्हीएलसीमध्ये मोबाइलची क्लिप लावली, बाजूला टास्क मॅनेजर, परफॉर्मन्समध्ये जीपीयू, तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा एक आलेख असतो. क्लिप चालू झाली तसा तो आलेख वर चढला आणि सीपीयू निवांत पडून होता. मग कॅमेऱ्याची क्लिप लावली. डिकोडचा आलेख जमिनीला चिकटलेला, शून्य, आणि सीपीयूचे चारही कोअर शंभर टक्क्यावर, पंखा ओरडायला लागला, चित्र अडकलं. डिस्कचा आलेख मात्र शांतच होता, आणि ते बरोबरच होतं, कारण २०० मेगाबिटची क्लिप म्हणजे सेकंदाला २५ एमबी, एवढं तर जुनी हार्ड डिस्कसुद्धा वाचते. (तासाभराच्या शूटला ९० जीबी जागा लागते तो भाग वेगळा, त्याचाही हिशोब आधीच करून ठेवावा.)

सातव्या जनरेशनच्या इंटेल ग्राफिक्सला १० बिट एचईव्हीसी जमतं पण ४:२:० मधलंच. ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंग इंटेलने ११ व्या जनरेशनच्या ग्राफिक्सपासून दिलंय. आणि आता गंमत बघा, कार्टमधलं आरटीएक्स ४०६०, जे एवढं भारी कार्ड, त्याला एचईव्हीसी ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. ४:२:० येतं, ४:४:४ पण येतं, मधलंच येत नाही. एन्व्हिडियाने ते आरटीएक्स ५० सिरीजपासून दिलं. म्हणजे समजा डबा मोठा असता, पॉवर सप्लाय दणकट असता, सगळं बसलं असतं, तरी क्लिप उलगडायचं काम सीपीयूवरच राहिलं असतं. रंगाचे इफेक्ट, नॉइज रिडक्शन पळालं असतं, ते काम कार्ड करतं, पण मुळात क्लिप प्ले होताना जी अडकत होती ती अडकतच राहिली असती आणि हा बिचारा कार्ड खराब निघालं म्हणून भांडत बसला असता.

सॉफ्टवेअरच्या सिस्टीम रिक्वायरमेंटच्या पानावर हे तुम्हाला सापडत नाही. तिथे रॅम आणि ग्राफिक्स मेमरी लिहिलेली असते. रिझॉल्व्हवाल्यांचं वेगळं सपोर्टेड कोडेक लिस्ट नावाचं डॉक्युमेंट आहे, त्यात विंडोज, मॅक, लिनक्स असं वेगवेगळं आणि फ्री व्हर्जन की स्टुडिओ व्हर्जन असं वेगवेगळं दिलेलं असतं की कुठला कोडेक चालतो आणि कुठल्याला हार्डवेअरची मदत मिळते. उदाहरण द्यायचं तर लिनक्सवर फ्री व्हर्जन एच२६४ आणि एच२६५ उघडतच नाही. लिनक्सवर जाऊ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं, हजार जणांनी तिथे डोकं आपटलंय.

विकत घ्यायच्या आधी ट्रायल

भावाकडे स्टुडिओ व्हर्जनची की आहे, ती दोन मशीनवर चालते. त्याच्या मित्राकडे ११ व्या जनरेशनचा, वेगळं कार्ड नसलेला साधा लॅपटॉप होता. मी म्हटलं क्लिप पेन ड्राइव्हवर घे आणि तिथे चालवून बघ. पहिल्यांदा कॉपीच होईना, कारण पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, मग एक्सफॅट करून घेतला. लॅपटॉपवर तीच क्लिप लावली आणि व्हिडिओ डिकोडचा आलेख वर, सीपीयू आरामात, टाइमलाइनवर स्क्रब करताना, म्हणजे पुढेमागे ओढताना, पण चित्र बोटाबरोबर. ज्या लॅपटॉपला भाऊ टायपिंगचं मशीन म्हणायचा तोच.

या एका ट्रायलने जेवढं कळलं तेवढं दहा बेंचमार्क व्हिडिओ बघून कळलं नसतं. बेंचमार्क दुसऱ्याच्या फाइलवर केलेले असतात हो, आपली फाइल आपल्याकडेच असते.

आता पर्याय मांडले. एक म्हणजे काहीच न घेणं: कॅमेऱ्याच्या क्लिपच्या हलक्या प्रॉक्सी बनवायच्या, त्यावर एडिट करायचं, शेवटी एक्सपोर्टला मूळ फाइल. हा मार्ग चालतो, भरपूर लोक असंच काम करतात, पण प्रॉक्सी बनवायलाही आधी मूळ क्लिप उलगडावीच लागते आणि या मशीनला त्यालाच रात्र लागायची. किंवा कॅमेऱ्यातच ४:२:० मोड लावायचा, तो पण प्रामाणिक पर्याय आहे, शिकवण्याच्या व्हिडिओत फळ्यावरचं दिसलं म्हणजे झालं. पण भावाला ग्रेडिंगचा नाद आहे, तो ऐकेना.

दुसरा, डब्यात मावेल असं कार्ड. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं, जादा वायर लागत नाही, लो प्रोफाइलमध्ये मिळतं. डब्यात शिरलं असतं. पण १८० वॅटवर ते कितपत झेपेल ही शंका, आणि ४:२:२ त्यालाही नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच. इंटेलचं आर्क ए३८० सुचवलं एकाने, त्याला ४:२:२ येतं, बरोबर आहे. पण आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) लागतो, इंटेल स्वतः १० व्या जनरेशनपासूनचं मशीन घ्या म्हणतं, या जुन्या बोर्डवर ते सेटिंगच नाही. आणि यातलं काहीही केलं तरी विंडोज ११ चा प्रश्न जागच्या जागी.

उरला नवीन मशीनचा पर्याय. तसा तो पहिल्यापासून होताच, पण आता तो का घ्यायचा आणि त्यात काय हवं हे माहीत होतं.

नवीन मशीनचं कोटेशन

त्याने कोटेशन मागवलं आणि पहिल्याच ओळीत आय५-१२४००एफ. मागच्या त्या एफकडे लोक बघतच नाहीत. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि आपल्याला तर तेच हवं होतं! विकणाऱ्याचा हिशोब असा की कार्ड घेणारच आहात तर एफ घ्या, स्वस्त पडतो, गेमिंगवाल्याला तो सल्ला अगदी बरोबर आहे. इथे तो सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवणारा होता. बदलून आय५-१३४०० घेतला, बिगर एफ, त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स.

प्रोसेसर १३ व्या जनरेशनचा झाला म्हटल्यावर बोर्ड परत तपासावा लागला. कोटेशनमध्ये बी६६० होता. सॉकेट एलजीए १७००, तिन्ही जनरेशनला एकच, १२ वी, १३ वी, १४ वी, आणि इथे खरंच चालतं, पण बी६६० बोर्ड १२ व्या जनरेशनच्या वेळी आलेले, जुना स्टॉक असेल तर बायॉस अपडेट केल्याशिवाय १३ वा प्रोसेसर ओळखत नाहीत. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, प्रत्येक प्रोसेसरसमोर कमीत कमी कुठलं बायॉस व्हर्जन हवं ते छापलेलं. विकणाऱ्याला सांगितलं, देतानाच लेटेस्ट बायॉस टाकून दे. ते तसंही हवंच होतं, कारण १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा घोळ निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावरचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायॉसमधूनच दिलं.

रॅममध्ये अजून एक खड्डा. हे बोर्ड डीडीआर४ चे पण येतात आणि डीडीआर५ चे पण, नाव जवळजवळ सारखंच, शेवटी डी४ एवढाच फरक. रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसतच नाही. बोर्ड डी४ वाला आणि रॅम डीडीआर५ असं कोटेशनमध्ये होतंच, टायपिंगची चूक म्हणे. असेल. ३२ जीबी घेतली, दोन १६ च्या, कारण आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, याच रॅममधून उचलतं. एनव्हीएमई या वेळी योग्य स्लॉटमध्ये. पॉवर सप्लाय जरा मोठा घेतला, नेहमीच्या मापाचा, म्हणजे पुढे कार्ड टाकायचं झालं तर पुन्हा हीच कथा नको.

कार्ड अजून घेतलं नाहीये. घेईल तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवलंय की कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, बायॉसमध्ये आयजीपीयू मल्टी मॉनिटर अशा काहीतरी नावाचं सेटिंग असतं ते चालू ठेवायचं, नाहीतर डिकोडचा आलेख परत जमिनीला.

मशीन आलं, क्लिप लावली, लॅपटॉपवर दिसलं होतं तेच दिसलं. जड नॉइज रिडक्शन लावलं की अजूनही मशीन दमतं, ते अपेक्षितच होतं, ते काम कार्डाचं आहे.

एक कुरबूर राहिली. त्याच्याकडे जुन्या टेप्स डिजिटल करायचं एक यूएसबी कॅप्चर डिव्हाइस आहे, त्याचा ड्रायव्हर इतका जुना की विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण चालू असलं की तो लोडच होत नाही. संरक्षण बंद करून चालवणं मला पटत नाही. म्हणून ते डिव्हाइस जुन्या डब्यालाच लावून ठेवलं. जुन्या डब्यात साटा एसएसडी आणि दोन ८ च्या रॅम टाकल्या, आता तो टायपिंग, स्कॅनिंग आणि टेप्सपुरता मस्त चालतो. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती युजरना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सिक्युरिटी अपडेट दिलेत, त्यात नाव नोंदवून टाकलं. तोवर टेप्स संपवायच्या आणि मग डब्यावर लिनक्स टाकायचं असं ठरतंय, पण त्याचा स्कॅनर लिनक्सवर चालतो का हे सेनच्या (लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) सपोर्टेड डिव्हाइसच्या यादीत बघून सांग म्हटलंय. अजून त्याने बघितलेलं नाही, आणि ते बघेपर्यंत मी पेन ड्राइव्ह बनवून देणार नाहीये.